मेल्यावरही टार्गेट? मॅनीला विचारा!

महिनाअखेर आली, टार्गेट पूर्ण नाही आणि शेजारच्या टेबलावरच्या पठ्ठ्याला मात्र एकसे एक क्लायंट. हे सगळं मेल्यावर तरी सुटेल, असं वाटत असेल तर मॅनी कॅलावेराला भेटा. हा गृहस्थ म्हणजे सुटाबुटातला सांगाडा. मृतांच्या नगरीतला ट्रॅव्हल एजंट! जिवंतपणीचं काहीतरी देणं फेडल्याशिवाय त्याची स्वतःची सुटका नाही.

‘ग्रिम फँडँगो’ हा टिम शेफरचा गेम लुकासआर्ट्सने १९९८ मध्ये आणला. मेक्सिकोतला मृतांचा सण आणि जुने ब्लॅक अँड व्हाइट गुन्हेगारीपट यांची ही सॉलिड भेळ. आत्म्याला शेवटच्या मुक्कामी पोचायला चार वर्षं लागतात. आयुष्यभर पुण्य केलेल्यांना मात्र ‘नंबर नाइन’ ट्रेनचं तिकीट. चार मिनिटांत काम फत्ते. म्हणजे चित्रगुप्ताकडे रिझर्व्हेशनचं काउंटर!

गंमत पुढे आहे. ऑफिसात क्लायंटच्या चिठ्ठ्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळ्यांतून येतात. चांगल्या चिठ्ठ्या डॉमिनोला, फुटकळ मॅनीला. मग मॅनी पॅकिंगचा फोम फुग्यांत भरून नळ्या तुंबवतो आणि डॉमिनोची एक क्लायंट पळवतो. ती मेर्सेडेस, अगदी साध्वी बाई. पण कॉम्प्युटर म्हणतो, हिला तिकीट नाही. ती बिचारी चालत निघते. तिकिटात घोटाळा आहे हे मॅनीच्या हळूहळू लक्षात येतं, पण तोवर ती दूर गेलेली. मॅनीची कथा मग चार वर्षांत उलगडते. प्रत्येक वर्षासाठी एक भाग, आणि मध्ये रुबाकावा बंदरातला मॅनीचा स्वतःचा कॅफे.

इथे मरायची भीती नाही (आधीच मेलाय ना!). पण सांगाडेही ‘संपतात’. विशेष गोळी लागली की हाडांतून फुलं उगवतात. इतका सुंदर आणि इतका भयानक खून दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिल्याचं आठवत नाही. जोडीला पीटर मॅककॉनेलचं जॅझ, टोनी प्लानाने मॅनीला दिलेला थकलेला, खट्याळ आवाज आणि भरधाव गाडी चालवणं हाच जन्माचा उद्देश असलेला ग्लॉटिस नावाचा अगडबंब राक्षस. संवाद असे, की कोडं सुटलं तरी उगाच सगळ्यांशी बोलत बसावंसं वाटतं.

कोडी मात्र काही ठिकाणी शुद्ध छळ आहेत. कुठली वस्तू कुठे लावायची याचं लॉजिक फक्त टिम शेफरलाच ठाऊक! मूळ गेममध्ये माउसही नव्हता. मॅनीची मान जिकडे वळेल तिकडे काहीतरी आहे, एवढाच इशारा. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण विक्री बेताचीच झाली. २००० मध्ये शेफर लुकासआर्ट्समधून बाहेर पडला आणि त्याने ‘डबल फाइन’ ही स्वतःची कंपनी काढली. तिनेच २०१५ मध्ये हा गेम चकाचक करून पुन्हा आणला, या वेळी माउससकट. तेव्हा नवा खेळाडू असाल तर हीच आवृत्ती घ्या. आणि हो, शुक्रवारी रात्री सुरू करा. सोमवारी टार्गेट आहेच.