दार उघडे आहे, पण जायचे कोठे?

तालुक्याच्या गावी शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा कारागीर दुकानाच्या पाटीवर आपल्या नावाखाली मोबाइलचा क्रमांक रंगवून घेतो. तोच क्रमांक त्याच्या पावतीपुस्तकावर छापलेला असतो, विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीवर लिहिलेला असतो आणि आसपासच्या दहा-वीस गावांतील शेतकऱ्यांनी आपल्या फोनमध्ये जपून ठेवलेला असतो. क्रमांक बदलला तर पाटी पुन्हा रंगवता येईल, पावतीपुस्तकही नवे छापता येईल. परंतु ऐन उन्हाळ्यात मोटार जळाली म्हणून घाईने फोन करणाऱ्या शेतकऱ्याला नवा क्रमांक कोण सांगणार? सेवा कितीही वाईट मिळाली तरी अशा माणसाने मोबाइल कंपनी सोडू नये, याची तजवीज २०११ पूर्वी या दहा आकड्यांनीच करून ठेवली होती.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला बदलाचा खर्च म्हणतात. हा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही; पण गिऱ्हाइकाला तो जाणवतो आणि कंपनीला तो नेमका ठाऊक असतो. बाजारात डझनभर विक्रेते असले तरी एकदा जोडलेल्या गिऱ्हाइकापुरती प्रत्येक विक्रेत्याची छोटीशी मक्तेदारी त्यातून निर्माण होते. मग नव्या गिऱ्हाइकाला आमिष दाखवायचे आणि जुन्याला गृहीत धरायचे, हा व्यापारी व्यवहार ओघानेच येतो. वस्तुतः क्रमांक हा कंपनीच्या मालकीचा नसतो. तो राष्ट्रीय क्रमांकन योजनेखाली सरकारने कंपनीला वाटून दिलेला असतो. सार्वजनिक संपत्तीचा असा भाग खाजगी कुंपणासारखा वापरला जावा, हे समर्थनीय नव्हते.

हे कुंपण काढण्याचा मार्ग इतर देशांनी आधीच दाखविला होता. सिंगापूरने १९९७ मध्ये, ब्रिटन व हाँगकाँगने १९९९ मध्ये आणि अमेरिकेने नोव्हेंबर २००३ मध्ये क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा दिली. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्यासंबंधीचे विनियम सप्टेंबर २००९ मध्ये केले. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ रोजी देशभर ही सोय सुरू झाली. तथापि ती एका दूरसंचार परिमंडळापुरतीच होती. मुंबई हे एक परिमंडळ आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा हे दुसरे. त्यामुळे रत्नागिरीहून मुंबईस नोकरीला आलेल्या तरुणापुढे जुना क्रमांक सोडावा की परमुलखाचा आकार भरत राहावे, हा पेच उरलाच होता. ३ जुलै २०१५ पासून सोय परिमंडळांच्या सीमा ओलांडून लागू झाली, तेव्हा तो सुटला.

या सोयीमागची यंत्रणा समजून घेण्याजोगी आहे. पूर्वी क्रमांकाच्या आरंभीच्या आकड्यांवरून तो कोणत्या कंपनीचा हे कळत असे व त्यानुसार फोन जोडला जाई. आता आकड्यांवरून कंपनी ओळखता येत नाही. म्हणून फोन जोडण्यापूर्वी तो क्रमांक सध्या कोणाकडे आहे, हे क्षणार्धात नोंदवहीत पाहावे लागते. ही नोंद ठेवण्याचे काम जुन्या वा नव्या कंपनीकडे न देता स्वतंत्र मध्यस्थ संस्थांकडे दिले आहे, हे या रचनेतले खरे शहाणपण होय. ग्राहकाने १९०० या क्रमांकावर संदेश पाठवायचा, आलेला संकेतांक घेऊन नव्या कंपनीकडे जायचे आणि तीन दिवसांत, परिमंडळ बदलत असल्यास पाच दिवसांत, काम पुरे व्हायचे, असा नियम डिसेंबर २०१९ पासून झाला. जुन्या कंपनीकडे नव्वद दिवस पुरे झालेले असावेत व बिलाची थकबाकी नसावी, या अटी वाजवीच आहेत. मध्यस्थ संस्थेचे शुल्कही आरंभी १९ रुपये होते, ते २०१९ मध्ये ६ रुपये ४६ पैशांवर आले.

म्हणजे निघून जाण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. आणि लोकांनी हा अधिकार वापरला नाही असेही नाही. कंपनी बदलण्यासाठी आलेल्या अर्जांची एकूण संख्या २०२४ साल संपण्यापूर्वीच १०० कोटींच्या पुढे गेली. एकाच माणसाने दोन-तीनदा केलेले अर्ज त्यात आहेत हे खरे; तरीही एवढे मोठे चलनवलन पाहिले म्हणजे स्पर्धा जोमात आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मोह आवरला पाहिजे.

१९७० साली अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या छोटेखानी ग्रंथात एक मार्मिक मुद्दा मांडला होता. संस्थेचा कारभार बिघडला की माणसापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा तक्रारीचा आवाज उठविणे. निघून जाणे सोपे झाले की आवाज क्षीण होतो. कारण जे सर्वांत जागरूक आणि बोलके, तेच आधी बाहेर पडतात. शिवाय सर्वच दुकानांतला माल सारखाच असेल, तर एकाचे रुसलेले गिऱ्हाईक दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचे पहिल्याकडे जात राहते. प्रत्येकाची गेलेली तूट आपोआप भरून निघते आणि सुधारणेची गरज कोणालाच भासत नाही. वर्दळ मोठी दिसते, पण तिचा दाब कोणावरच पडत नाही.

आपल्या मोबाइल बाजाराची वाटचाल नेमकी या दिशेने झाली आहे. २०११ मध्ये सोय सुरू झाली तेव्हा एकेका परिमंडळात दहा-बारा कंपन्या होत्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर दरयुद्ध पेटले. त्यात काही कंपन्या बुडाल्या, काही विकल्या गेल्या आणि ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. उरल्या त्या तीन खाजगी कंपन्या आणि सरकारी भारत संचार निगम. दार उघडले गेले खरे. पण दाराबाहेरची घरेच एकेक करून मिटत गेली.

याचा अर्थ काय, हे जुलै २०२४ मध्ये दिसले. जिओ व एअरटेल यांनी ३ जुलैला आणि व्होडाफोन आयडियाने ४ जुलैला दरवाढ अमलात आणली. चोवीस तासांच्या आत तिन्ही दुकानांतला भाव चढल्यावर क्रमांक सोबत नेण्याच्या अधिकाराचे काय मोल उरले? त्या महिन्यात तिन्ही खाजगी कंपन्यांचे ग्राहक घटले आणि भारत संचार निगमचे सुमारे २९ लाखांनी वाढले. सामान्य माणूस दर पाहतो व निर्णयही घेतो, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु निगमचे ४-जी जाळे तेव्हा अपुरे होते आणि काही महिन्यांतच ती भरती ओसरली. दरवाढीला थोडाबहुत शह बसला तो चौथ्या घरामुळे, हा यातला धडा आहे.

दरम्यान क्रमांकाचे महत्त्व मात्र वाढतच गेले. आज बँकेचा व्यवहार, आधारची पडताळणी, गॅसची नोंदणी, सारे त्याच क्रमांकावर येणाऱ्या परवलीच्या आकड्यांवर चालते. म्हणूनच दुसऱ्याचा क्रमांक लबाडीने पळविण्याचे प्रकार घडू लागले आणि सिमकार्ड बदलल्यापासून सात दिवस कंपनी बदलता येऊ नये, अशी तरतूद १ जुलै २०२४ पासून करावी लागली. ती योग्यच आहे. पण गरीब ग्राहकाची अडवणूक निराळ्याच मार्गाने होते. स्वस्त योजनांत संदेश पाठविण्याची सोयच नसल्याने कंपनी सोडण्याचा संदेशही पाठविता येत नाही, असे आढळून आले. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाला आदेश काढून तो संदेश सर्वांना खुला करावा लागला. अधिकार कागदावर सर्वांना सारखा असला, तरी त्याचे दार कोणासाठी किती उघडते याकडे सतत लक्ष ठेवावे लागते, ते यासाठीच.

तेव्हा दोन गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, सरकारी निगमकडे केवळ तोट्याचे खाते म्हणून पाहणे सोडले पाहिजे. त्याचे जाळे कार्यक्षम राहिले, तर ज्याने ते कधीच वापरले नाही त्यालाही दराच्या रूपाने लाभ होतो; हा लाभ निगमच्या ताळेबंदात दिसत नाही, एवढेच. दुसरी, तक्रारीच्या मार्गास बळ दिले पाहिजे. नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. ग्राहकाला प्रथम कंपनीकडे व नंतर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावे लागते. १८८५ च्या तार कायद्यातील तरतुदीमुळे ग्राहक न्यायालयाचे दार बंद होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. पण दीड-दोनशे रुपयांच्या वादासाठी तेथवर कोण जाणार? जिल्ह्याच्या ठिकाणी अल्पावधीत निकाल देणारी, कंपनीपासून स्वतंत्र अशी व्यवस्था झाली तर त्या निर्वाळ्याला अर्थ येईल.

मोटार दुरुस्त करणाऱ्या त्या कारागिराची पाटी आता पुन्हा रंगवावी लागत नाही, ही कमाई लहान नव्हे. मात्र त्याच्या पाटीवरचा क्रमांक जसा कायम राहिला, तशी त्याला निवडीसाठी चार चांगली दुकानेही राहिली पाहिजेत, आणि जेथे तो आहे तेथेच राहून भांडण्याची सोयही. नाही तर क्रमांक त्याचा आणि भाव मात्र तिघांचा, अशी स्थिती होईल. आणि त्या स्थितीला स्पर्धा म्हणता येणार नाही.