आरोग्याच्या सवयी आणि मनाचे स्वास्थ्य

आरोग्याचे नियम लोकांना ठाऊक नसतात म्हणून ते पाळले जात नाहीत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आणि म्हणूनच पाठ घेतला, तक्ता टांगला, प्रतिज्ञा म्हणवून घेतली, की आपले कार्य झाले असे आपण मानतो. अनुभव मात्र निराळा आहे. तंबाखूचे दुष्परिणाम वर्गात उत्तम रीतीने समजावून देणारे गुरुजी मधल्या सुट्टीत शाळेच्या मागील बाजूस जाऊन तंबाखू मळतात, हे दृश्य आपणा कोणासही अपरिचित नाही. त्यांच्या ठिकाणी ज्ञानाची उणीव नाही. मग उणीव आहे ती कशाची?

या दृष्टीने डॉ. अभय बंग यांचे उदाहरण मननीय आहे. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या या डॉक्टरांना १९९५ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने गाठले. आहार कसा असावा, व्यायाम किती करावा, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी आपल्या जीवनक्रमाची जी चिकित्सा केली आहे, तीत खाण्यापिण्याइतकेच महत्त्व मनावरील ताणाला दिले आहे. पुढे त्यांनी आहार बदलला, चालणे सुरू केले, आणि त्यांच्या जोडीस योगासने, प्राणायाम व ध्यान यांचा अवलंब केला. अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही हृदयरोग्यांना केवळ पथ्य सांगून घरी पाठविले नव्हते. ताण हलका करण्याचा नित्य अभ्यास आणि आपसात मन मोकळे करण्यासाठी रुग्णांच्या बैठका, ही त्या उपचाराची अंगेच होती.

याचे कारण असे की, जिला आपण वाईट सवय म्हणतो ती बहुधा मनाची कसली तरी गरज भागवीत असते. चिंता, थकवा, एकटेपणा किंवा अपमान यांवर तो एक तात्पुरता उतारा असतो. तंबाखूची गोष्ट तर आणखी फसवी आहे. सवय जडलेल्या माणसास काही काळ तंबाखू न मिळाली की निकोटिनच्या अभावी तो चिडतो, अस्वस्थ होतो. चिमूट तोंडात जाताच ती अस्वस्थता शमते. आणि त्यास वाटते, तंबाखूने चिंता हरली! वस्तुतः तिनेच निर्माण केलेली तलफ तिने भागविली, एवढेच. तंबाखू सोडल्यावर पहिले काही दिवस हा त्रास तीव्र असतो व साधारणतः तीन-चार आठवड्यांत ओसरतो. याच दिवसांत घरी आजारपण वा पिकाची चिंता असेल, तर निश्चय टिकणे अवघड होते. अशा वेळी ‘तुमच्यात मनोबल नाही’ असे म्हणणे सोपे असते, पण त्याने कोणाचीच तंबाखू सुटलेली नाही.

पुणे येथील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, जे डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले, तेथील कार्यपद्धती याच जाणिवेवर उभी आहे. तेथे व्यसनी मनुष्यास अपराधी न मानता रुग्ण मानतात; व्यसनातून बाहेर पडलेलेच अनेक जण इतरांना धीर देण्याचे काम करतात; आणि घरी परतल्यानंतरही पाठपुरावा चालू राहतो. रुग्णांच्या पत्नींसाठीही ‘सहचरी’ नावाचा गट आहे, कारण घरातील सर्वांचे मन सावरल्याखेरीज एकट्याचा निश्चय तग धरीत नाही.

आता आपल्या शाळेकडे वळू. नखे तपासण्याची रांग पुष्कळ शाळांत असते. ज्याची नखे वाढलेली, त्यास सर्वांसमक्ष उभे केले जाते. तेवढ्याने मूल नखे कापावयास शिकते की हात पाठीमागे लपवावयास शिकते, हे प्रत्येकाने एकवार निरखून पाहावे. माझ्या मते ही रांग बंद करून नेलकटर वर्गात ठेवलेला बरा. त्यातही ऊसतोडीचा हंगाम ध्यानात घ्यावा. भाद्रपदात स्वच्छ, नीटनेटके येणारे मूल दिवाळीनंतर, आईवडील कारखान्याकडे गेले की, न विंचरता, न जेवता शाळेत येऊ लागते. आजी थकलेली असते. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, ‘माझ्याकडे पाहणारे कोणी नाही’ हे त्या मुलाच्या मनाने घेतलेले असते. त्यास साबणाचे महत्त्व पुन्हा सांगून काय उपयोग? जवळ बसवून ‘काल रात्री काय जेवलास? आईचा फोन आला होता का?’ एवढे विचारले तरी त्याचे मन मोकळे होऊ लागते.

दुसरी गोष्ट खंड पडण्याची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले; कोणास १८ दिवस, तर काहींच्या बाबतीत २५४ दिवसांचा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडले नाही. ‘आता मोडलाच नेम, मग कशाला?’ ही निराशाच खरी घातक ठरते. सबब, स्वच्छता पंधरवडा संपल्यावर त्या विषयाचा समारोप न करता पुढील दोन-तीन महिने त्याची सहज आठवण ठेवावी, आणि चुकलेल्या मुलास ‘उद्यापासून’ न म्हणता ‘आत्ता चल’ म्हणावे.

स्वतः शिक्षकांनी आपल्या झोपेकडे, चिडचिडीकडे आणि उदासीनतेकडे दुर्लक्ष करू नये. दोन आठवडे मन सतत खिन्न राहिले, कशातच रस वाटेनासा झाला, तर तो आळस समजू नये. त्यावर उपचार आहेत. आपल्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तितके दूर जाणे शक्य नसल्यास २०२२ साली सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य व रात्रंदिवस उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक मुख्याध्यापकांनी कार्यालयातील फलकावर न लिहिता, पालकांच्या नजरेस पडेल अशा बाहेरील भिंतीवर लिहवून घ्यावा.