श्रीलंकेच्या धम्मयात्रेला निघताना तिथला कायदा समजून घ्या

अनुराधापूरचा बोधिवृक्ष आणि कँडीचे दंतधातू विहार पाहण्यासाठी आपले अनेक उपासक-उपासिका श्रीलंकेला जातात. बौद्धांचा देश म्हणजे आपलाच देश, असे मनात असते. ही आपुलकी खरी आहे. पण तिथला कायदा वेगळा आहे, हे निघण्यापूर्वीच लक्षात घ्यावे, असे आम्हाला वाटते.

एप्रिल 2014 मध्ये कोलंबोच्या विमानतळावर एका ब्रिटिश महिला पर्यटकाला अटक झाली. कारण, तिच्या दंडावर गोंदलेली बुद्धप्रतिमा. आदरापोटीच ती गोंदवली, असे तिचे म्हणणे होते. तरीही तिला कोठडीत ठेवून मायदेशी पाठवण्यात आले. 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देऊन भरपाई मंजूर केली. न्याय मिळाला, पण तीन वर्षांनी! त्याआधी 2012 मध्ये बुद्धमूर्तीचे चुंबन घेतानाचे फोटो काढल्याबद्दल फ्रेंच पर्यटकांना स्थगित शिक्षा झाली होती.

आपल्याकडे हातावर बुद्ध किंवा बाबासाहेब गोंदवणे अभिमानाचे असते. म्हणूनच ही गोष्ट आपल्याला जवळून लागू पडते. बुद्धाचा टॅटू असेल तर तिथे पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नये. विहारात खांदे व गुडघे झाकलेले असावेत; चपला आणि टोपी बाहेर काढावी. पौर्णिमेला, म्हणजे तिथल्या 'पोया' दिवशी, दारूविक्री बंद असते. पुरातन वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. थायलंडमधून बुद्धमूर्ती आणायची असेल, तर तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो.

पोलिसांनी अडवलेच तर हुज्जत घालू नका. न कळणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नका, दुभाषी मागा. 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार, अटक झाल्यास आपल्या देशाच्या वकिलातीला कळवा, अशी मागणी करण्याचा तुम्हाला हक्क आहे. कोलंबोत त्यासाठी भारतीय उच्चायुक्तालय आहे. ते मदत करते, पण तिथला कायदा बाजूला सारून कोणाला सोडवू शकत नाही.

यात्रेच्या आयोजकांनी निघण्यापूर्वीच्या बैठकीत तिकीट, हॉटेल, जेवणासोबत अर्धा तास या माहितीलाही द्यावा. हेतू कितीही शुद्ध असला, तरी 'आम्हाला माहीत नव्हते' ही सबब परक्या देशात चालत नाही.

नमो बुद्धाय, जय भीम!