‘अ‍ॅनॉन’ म्हणजे लगेच की नंतर?

हेडफोन लावलेत ना? आज एकच शब्द: अ‍ॅनॉन. रेडिटवर पडीक असणाऱ्यांना वाटेल, हे ‘अ‍ॅनॉनिमस’चं छोटं रूप. नाही, तो वेगळा. आजचा अ‍ॅनॉन हे हजारेक वर्षं जुनं क्रियाविशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘थोड्या वेळात’.

म्हणजे आता तसा अर्थ आहे. मुळात तो बरोब्बर उलटा होता.

जुन्या इंग्रजीत ‘ऑन आन’ असे दोन शब्द होते. आन म्हणजे एक. आजचं ‘वन’ त्यातूनच आलं, आणि ‘अ‍ॅन अ‍ॅपल’मधलं ‘अ‍ॅन’सुद्धा. ऑन आन म्हणजे ‘एकात’; आपण ‘एका दमात’ म्हणतो ना, साधारण तसं. न थांबता, म्हणून ताबडतोब. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्येही तो ‘ताबडतोब’ याच अर्थाने सापडतो.

मग घसरला कसा? शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात फ्रान्सिस नावाचा दारूच्या गुत्त्यातला पोऱ्या आहे. राजपुत्र हॅल त्याला बोलण्यात अडकवून ठेवतो आणि दुसऱ्या खोलीतून हॅलचा मित्र पॉइन्स हाका मारत राहतो. प्रत्येक हाकेला पोऱ्या ‘अ‍ॅनॉन, अ‍ॅनॉन’ ओरडतो आणि जागचा हलत नाही. म्हणतोय ‘आलोच’, पण येण्याचा पत्ता नाही! चहाच्या टपरीवरचं ‘आणतो साहेब’ आठवा. पिढ्यानपिढ्या असं चाललं, की ऐकणारेच अर्थ बदलून घेतात.

हा एकटाच नाही बरं का. आपलं रोजचं ‘सून’ जुन्या इंग्रजीत ‘सोना’ होतं, अर्थ लगेच. ‘बाय अँड बाय’चंही तेच झालं. आणि ‘प्रेझेंटली’.

या प्रेझेंटलीने मला चांगलंच रडवलंय. नोकरीचं पहिलं वर्ष, रात्री २ ला रिलीज, आणि पेमेंटचं पान बंद पडलं. बदल मागे घ्यायला क्लायंटच्या लंडनमधल्या माणसाची परवानगी हवी होती. त्याने चॅटवर लिहिलं, प्रेझेंटली कॉलवर येतो. मी वाचलं ‘आत्ता’. आपण बायोडेटात ‘प्रेझेंटली वर्किंग इन पुणे’ लिहितोच की! म्हणून दुसऱ्या कोणाला उठवलं नाही, कॉल धरून बसलो. तो आला ५० मिनिटांनी. तेवढा वेळ लोकांचे पैसे अडकले, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये उत्तर मला द्यावं लागलं.

गंमत बघा, दोघंही बरोबर होतो. ‘सध्या’ हा अर्थही जुनाच आहे. तो स्कॉटलंड, अमेरिका आणि आपल्याकडे टिकला. इंग्लंडमध्ये मात्र ‘थोड्या वेळात’ जास्त चालतं.

अ‍ॅनॉन आता कोण वापरतं? ‘सी यू अ‍ॅनॉन’ असं गमतीने म्हणतात, आणि ‘एव्हर अँड अ‍ॅनॉन’ म्हणजे अधूनमधून, हे पुस्तकात भेटतं. मित्राला खुशाल पाठवा. ऑफिसच्या मेलमध्ये नको. आणि समोरच्याने प्रेझेंटली लिहिलं, तर सरळ विचारा: किती वाजता? मी आता विचारतो.