संसदेच्या कचेरीचा धनी कोण?

दूरचित्रवाणीवर लोकसभेचे कामकाज पाहताना आपली नजर दोनच ठिकाणी जाते. एक बोलणाऱ्या खासदाराकडे, दुसरी उच्चासनावरच्या अध्यक्षांकडे. अध्यक्षांच्या आसनाखाली एक मेज असते आणि तिथे बसलेल्या माणसांकडे सहसा कुणी पाहत नाही. ती माणसे बोलत नाहीत. गोंधळ फारच वाढला की त्यांच्यातला एखादा उठतो, अध्यक्षांच्या कानाशी लागतो आणि पुन्हा जागेवर बसतो. काही क्षणांत अध्यक्ष निर्णय देतात, नियमाचा क्रमांक सांगतात. तो क्रमांक बहुधा त्या मेजावरून वर गेलेला असतो.

मेजाशी बसणारा मुख्य अधिकारी म्हणजे लोकसभेचा महासचिव. अधिवेशन राष्ट्रपती बोलावतात, पण खासदाराच्या हाती पडणाऱ्या बोलावण्यावर सही याची असते. एका सभागृहाने मंजूर केलेले विधेयक दुसऱ्याकडे जाते तेही याच्या सहीच्या संदेशाने. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत निर्वाचन अधिकारी म्हणून दोन्ही सभागृहांच्या महासचिवांना आळीपाळीने नेमण्याचा संकेत आहे. हा माणूस आणि त्याच्या हाताखालचे सचिवालय नेमके कुणाचे नोकर, या प्रश्नाने मला बरीच वर्षे धरून ठेवले आहे. सरकारचे नाहीत, हे उत्तर सोपे आहे. मग कुणाचे, याचे उत्तर मात्र आपल्या राज्यघटनेनेही अर्धवट सोडले आहे.

सोपे उत्तरसुद्धा भांडून मिळवावे लागले होते. १९२५च्या ऑगस्टमध्ये विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष झाले. आधीचे अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट सरकारनियुक्त होते, विठ्ठलभाई सभासदांच्या मतांनी आले. ५८ विरुद्ध ५६, म्हणजे अवघ्या दोन मतांनी. आसनावर बसल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आपला सचिव आणि त्याचे कारकून हिंदुस्थान सरकारच्या विधी खात्यातले आहेत. ज्या खात्याने विधेयक तयार करायचे, त्याच खात्याच्या माणसाने त्या विधेयकावरच्या हरकतीबद्दल अध्यक्षांना सल्ला द्यायचा! बढती सरकारच्या हातात, बदली सरकारच्या हातात. अशा सल्लागाराचा सल्ला प्रामाणिक असला तरी निःशंक मनाने घेता येत नाही, आणि विठ्ठलभाई तर स्वभावानेच संशयी.

१९२६च्या जानेवारीत पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदेने स्वतंत्र कचेरीची मागणी केली. सरकारने दिरंगाई केली. अखेर १९२८च्या सप्टेंबरमध्ये मोतीलाल नेहरूंनी विधिमंडळात ठराव मांडला, तो संमत झाला आणि १० जानेवारी १९२९ रोजी विधिमंडळाचे वेगळे खाते अस्तित्वात आले. नावापुरते ते गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत होते, कारभार अध्यक्षांच्या हाती आला.

त्याच वर्षी ८ एप्रिलला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी प्रेक्षकांच्या सज्जातून बॉम्ब टाकले. सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर विठ्ठलभाई आपला निर्णय देणार होते, तेवढ्यात. या घटनेनंतर सरकारला सज्जांवर पोलिसांचा ताबा हवासा वाटला, तर विठ्ठलभाईंचे म्हणणे असे की या इमारतीच्या आत हुकूम चालेल तो अध्यक्षांचा. या तिढ्यातून सभागृहाचे स्वतःचे द्वारपाल आणि रखवालदार उभे राहिले. पुढे ‘वॉच अँड वॉर्ड’ या नावाने ओळखले गेले ते हेच. या पथकाकडे मी शेवटी पुन्हा वळणार आहे.

स्वातंत्र्यानंतर ही मिळकत घटनेत नोंदली गेली, तीही थोडी उशिरा. मूळ मसुद्यात संसदेच्या सचिवालयाबद्दल कलमच नव्हते. प्रांतोप्रांतीच्या अध्यक्षांच्या आग्रहावरून १९४९मध्ये ते ‘७९-अ’ म्हणून आले आणि अंतिम घटनेत ९८वे झाले. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्यात म्हटले आहे की प्रत्येक सभागृहाला स्वतंत्र सचिवालयीन कर्मचारीवर्ग असेल, काही पदे सामाईक ठेवायला हरकत नाही. दुसऱ्यात, भरती आणि सेवाशर्ती ठरवणारा कायदा संसद करू शकेल. तिसऱ्यात, संसद तशी तरतूद करीत नाही तोपर्यंत राष्ट्रपतींनी त्या त्या सभागृहाच्या अध्यक्षांशी किंवा सभापतींशी विचारविनिमय करून नियम करावेत.

त्या ‘तोपर्यंत’वर माझे बोट अडकते. लोकसभा सचिवालयाचे नियम १९५५मध्ये आले, राज्यसभेचे १९५७मध्ये. कायदा मात्र आजतागायत झालेला नाही. देशातल्या प्रत्येक नोकरीसाठी कायदे करणाऱ्या संसदेने स्वतःच्या नोकरांसाठी एकही केला नाही. तात्पुरती म्हणून घातलेली पायरीच घराचा उंबरठा झाली आहे.

सचिवालयाच्या पोटात काय चालते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण अधिकार कुठे दडलेला असतो ते त्याशिवाय कळत नाही. १९७४च्या फेररचनेत लोकसभा सचिवालयाची कामे निरनिराळ्या सेवांमध्ये वाटली गेली. विधिविषयक, वित्तीय समित्या व प्रशासन यांची एक सेवा, ग्रंथालय आणि संशोधनाची दुसरी, शिवाय शब्दशः प्रतिवेदन, दुभाषी, संपादन-अनुवाद, छपाई, सुरक्षा. भरती संसदेची स्वतःची, लोकसेवा आयोगाची नाही. केंद्रीय वेतन आयोगाच्या शिफारशीही इथे आपोआप लागत नाहीत, त्यासाठी संसदेची वेगळी वेतन समिती बसते.

प्रतिवेदकांचेच पाहा. सभागृहाच्या मधोमध बसून ते लघुलिपीत प्रत्येक शब्द टिपतात. दर पाच मिनिटांनी माणूस बदलतो. उठलेला जाऊन मजकूर तयार करतो, तोवर दुसऱ्याची पाच मिनिटे संपलेली असतात. एकाच वेळी दहाजण ओरडत असताना कोण काय म्हणाले हे ठरवणे हा या लोकांचा धंदा. अध्यक्षांनी एखादा शब्द कामकाजातून काढला की छापील अहवालात त्याच्या जागी फुल्या येतात आणि तळाशी टीप. जुने खंड चाळताना त्या फुल्यांपाशी मी हमखास रेंगाळतो. कधी कधी आजूबाजूच्या वाक्यांवरून गाळलेला शब्द सहज ओळखू येतो.

दुभाष्यांची सोय त्या मानाने अलीकडची. ७ सप्टेंबर १९६४ पासून लोकसभेत इंग्रजी-हिंदी तात्काळ भाषांतर सुरू झाले, इतर भाषा सावकाश आल्या. मराठीतून बोलायचे तर सभासदाने आधी कळवावे, म्हणजे दुभाष्या हजर राहील, अशी ती पद्धत होती.

प्रश्नशाखा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, सूचना पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न कसा नसावा याची नियमांत मोठी यादी आहे. तो साधारणपणे दीडशे शब्दांहून लांब नसावा, त्यात अनुमान, उपरोध, आरोप नसावेत, मत विचारलेले नसावे. प्रश्न दाखल करायचा की नाही, हा निर्णय अध्यक्षांचा. पण अध्यक्ष रोज शेकडो चिठ्ठ्या थोड्याच वाचणार? पहिली चाळणी कचेरीतला अधिकारी लावतो. सरकारला अडचणीचा प्रश्न ‘अनुमान’ म्हणून बाजूला पडतो की दोन शब्द बदलून यादीत येतो, हे त्याच्या टेबलावर ठरते. त्याला भीती कुणाची आहे, हा प्रश्न म्हणूनच फक्त आस्थापनेचा राहत नाही.

आता त्याचा धनी. लोकसभा सचिवालयावर अंतिम हुकूम एकट्या अध्यक्षांचा. महासचिवाची नेमणूक ते करतात, महासचिव त्यांनाच जबाबदार असतो आणि त्याच्या कामावर सभागृहात टीका करू नये असा संकेत आहे. माहितीच्या अधिकारातसुद्धा लोकसभेपुरते सक्षम प्राधिकारी अध्यक्षच. राज्यसभेत हीच जागा सभापतींची, म्हणजे उपराष्ट्रपतींची. (आपल्या मुंबईत विधानसभा आणि विधान परिषद मिळून एकच विधानमंडळ सचिवालय आहे. कलम १८७ तशी मुभा देते.)

ज्या ब्रिटिश सभागृहावरून आपण हे सारे उचलले, तिथे धनी एकटा राहिलेला नाही. १९७८च्या कायद्याने हाउस ऑफ कॉमन्सच्या नोकरवर्गाचा मालक एक आयोग झाला. अध्यक्ष त्याचे प्रमुख, पण सोबत सरकारपक्षाचे आणि विरोधी पक्षाचे सभासद. २०१४मध्ये अध्यक्ष जॉन बर्को यांनी मुख्य क्लार्कच्या जागी ऑस्ट्रेलियातल्या संसदीय अधिकारी कॅरल मिल्स यांना आणायचे ठरवले, तेव्हा सभासदांनी एवढा गदारोळ केला की नेमणूक थांबली, समिती बसली आणि पुढच्या वर्षी आयोगाचा कायदाच बदलला. मिल्सबाईंची पात्रता किती हा वाद बाजूला ठेवू. नेमणुकीवर वाद घालायला तिथे जागा होती, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे.

आपल्याकडे पहिली काही दशके ती जागा लागलीच नाही, कारण माणसे चांगली मिळाली. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर हे अहमदाबादेत स्थिरावलेल्या मराठी घराण्यातले. मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद १९३७ पासून सांभाळून ते दिल्लीला गेले होते. त्यांना सचिव लाभले महेश्वरनाथ कौल. कौलांनंतर १९६४मध्ये श्यामलाल शकधर आले. या दोघांनी लिहिलेला संसदीय कार्यपद्धतीवरचा ग्रंथ आजही सभागृहात पुरावा म्हणून उघडला जातो. राज्यसभेचे पहिले सचिव सु. ना. मुखर्जी हे तर घटनेचे प्रमुख मसुदाकार. पुढे सुभाष कश्यप, पी. डी. टी. आचारी असे सचिवालयातच वाढलेले लोक लोकसभेच्या सर्वोच्च पदावर पोहोचले.

अलीकडे वारे बदलले आहे. २०१७मध्ये लोकसभेच्या पहिल्या स्त्री महासचिव झालेल्या स्नेहलता श्रीवास्तव आणि २०२०मध्ये त्यांच्या जागी आलेले उत्पलकुमार सिंह, दोघेही निवृत्त आयएएस. राज्यसभेत २०२१च्या १ सप्टेंबरला संसदेच्या सचिवालयातच कारकीर्द केलेले पी. पी. के. रामाचार्युलु महासचिव झाले, आणि अडीच महिने पुरे व्हायच्या आत त्यांच्या जागी प्राप्तिकर खात्यातून निवृत्त झालेले पी. सी. मोदी आले. विरोधी पक्षांनी हरकत घेतली, पण नेमणूक सभापतींच्या अधिकारातली होती आणि बदलही. नियमभंग झाला असे म्हणायला नियमच हवा ना!

बाहेरच्या माणसाला माझा सरसकट विरोध नाही. एकाच कचेरीत तीस वर्षे काढलेला अधिकारी नव्या गोष्टींना दार लावून बसतो, हेही खरे. पण ज्याची उमेद मंत्रालयांत गेली, ज्याला नेमणूक निवृत्तीनंतर मिळाली आणि जिची मुदत एका व्यक्तीच्या मर्जीवर वाढते, त्याची आणि विठ्ठलभाईंच्या त्या विधी खात्यातल्या सचिवाची स्थिती किती वेगळी, असा प्रश्न मनात येतो. आपला अध्यक्ष सहसा सत्ताधारी पक्षाचाच असतो आणि पुढच्या निवडणुकीत पक्षाच्याच तिकिटावर उभा राहतो. सचिवालय सरकारपासून वेगळे झाले, पण त्यात आणि सरकारात उभी असलेली भिंत एका माणसाएवढीच रुंद आहे.

वॉच अँड वॉर्डचे २००९मध्ये ‘संसद सुरक्षा सेवा’ असे नाव झाले. १३ डिसेंबर २००१च्या हल्ल्यात संसदेचे स्वतःचे दोन सुरक्षा कर्मचारी, जगदीशप्रसाद यादव आणि मातबरसिंग नेगी, मारले गेले. दोघांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. बरोबर बावीस वर्षांनी, १३ डिसेंबर २०२३ला, दोन तरुण प्रेक्षकांच्या सज्जातून लोकसभेत उतरले आणि त्यांनी पिवळा धूर सोडला. २० मे २०२४ पासून संकुलाच्या रखवालीचा मुख्य भार केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या तीन हजारांहून अधिक जवानांकडे गेला. दल गृहमंत्रालयाचे. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यही असेल, त्यातले मला कळत नाही. पण सज्जांवर कुणाचा हुकूम चालेल यावर १९२९मध्ये अध्यक्ष आणि सरकार महिनोन्महिने झगडले होते. या वेळी त्या प्रश्नावर सभागृहात मतदान झाले नाही, आणि कलम ९८खालचा कायदा नसल्यामुळे तो विचारायला नेमके कुठले कलम उघडायचे, तेही कुणाला सांगता आले नसते.