घरांतील संगीताची निवड

संगीताची आवड असणें निराळें आणि काय ऐकावें याची निवड करतां येणें निराळें. पूर्वी तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. घरांत दहा-पांच तबकड्या असत व त्या झिजेपर्यंत ऐकल्या जात. आज प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइलमध्यें लक्षावधि गाणीं हजर असतात, आणि त्यामुळेंच एकहि गाणें शेवटपर्यंत ऐकिलें जात नाहीं. वडील मंडळी म्हणतात, रागदारीवांचून दुसरें संगीत नाहीं. मुलें म्हणतात, रागदारी आमच्यासाठीं नाहीं. एका छपराखालीं राहणाऱ्यांचे कान असे विभक्त व्हावे, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. म्हणून गेल्या वर्षभरांत आम्हीं वारंवार ऐकिलेल्या कांहीं ध्वनिमुद्रिका वाचकांपुढें ठेवीत आहों. कसोटी एकच: पुनःपुन्हां ऐकूनहि जी शिळी होत नाहीं ती उत्तम, मग तिचा प्रकार कोणताहि असो.

आरंभ अर्थातच आमच्या नाशिकापासून. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं उत्तरायुष्यांत येथें रामनाम-आधार आश्रम स्थापिला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय यांचें पितृछत्र १९३१ सालीं, अवघ्या दहाव्या वर्षीं हरपलें, आणि १९५५ त, चौतिसाव्या वर्षीं ते स्वतःहि गेले. एवढ्या अल्पायुष्यांतील त्यांचा श्रीराग व त्यांचीं भजनें आज आपणांस ऐकावयास मिळतात तीं केवळ ध्वनिमुद्रणामुळें. चित्रपटसंगीतास सरसकट हलकें म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं १९५२ च्या ‘बैजू बावरा’मधील देसी रागाची जुगलबंदी अवश्य ऐकावी. तींत तानसेनासाठीं अमीर खां व बैजूसाठीं पलुसकर गायिले आहेत.

दुसरें स्थान ‘गीतरामायणा’चें. माडगूळकरांची रचना आणि सुधीर फडके यांच्या चाली यांनीं नटलेलीं हीं ५६ गीतें १ एप्रिल १९५५, रामनवमी, या दिवसापासून वर्षभर पुणें आकाशवाणीवरून क्रमानें प्रसृत झालीं. गोदातीरीं राहणाऱ्यांस त्यांतील पंचवटी परकी नाहीं. हीं गीतें एका बैठकींत संपवूं नयेत. मुलांस जवळ घेऊन आठवड्यास एकच ऐकावें, म्हणजे कथाहि कळते व चालहि मुरते.

ज्यांना शब्दांवांचून संगीत रुक्ष वाटतें त्यांनीं १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐकावी. शिवकुमार शर्मा यांचें संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी व ब्रिजभूषण काबरा यांची गिटार यांतून काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत उलगडतो. अहीरभैरवानें उजाडतें आणि पहाडीनें निजानीज होते. रागांच्या वेळा लहानांस समजावून देण्यास याहून सुलभ पाठ आम्हांस ठाऊक नाहीं.

तरुणांच्या आवडींतून आम्हीं उचलली ती ‘शक्ति’ या वृंदाची २०२३ ची ‘धिस मोमेंट’. जॉन मॅक्लॉफलिन यांची गिटार, झाकिर हुसेन यांचा तबला आणि शंकर महादेवन यांचें गायन तींत एकत्र नांदतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें तिला ग्रॅमी पारितोषिक मिळालें, व त्याच वर्षीं १५ डिसेंबरला झाकिरभाई निवर्तले. जुन्या कानांनीं प्रथम केवळ तालाचा हात धरून चालावें. सुरांची ओळख मागाहून आपोआप होते.

शेवटीं केसरबाई केरकर यांची भैरवी. अमेरिकेनें १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ हीं दोन यानें अंतराळांत धाडिलीं. त्यांवरील सोनेरी तबकडींत जगभरच्या २७ संगीतरचना निवडल्या आहेत. बाख आणि बेथोव्हेन यांच्या पंक्तीला तेथें चक बेरीचें रॉक संगीत आहे, आणि गोमंतकांत जन्मलेल्या आमच्या केसरबाईहि आहेत. पंचावन्न भाषांतील अभिवादनांत मराठीहि आहे. पृथ्वीची ओळख करून देणाऱ्यांनींहि एकाच प्रकाराचा हट्ट धरला नाहीं, हें घरोघरच्या वाद करणारांनीं ध्यानांत घ्यावें.

परंतु या भैरवीस दुसरी एक बाजू आहे. ज्या अल्लादिया खांसाहेबांनीं केसरबाईंस घडविलें, त्यांचें स्वतःचें गाणें मात्र तबकडीवर उतरलें नाहीं. १९४६ त ते गेले, आणि तो आवाज कायमचा मावळला. शिष्येचा स्वर सूर्यमालेच्या सीमेपलीकडे पोंचला. गुरूचा स्वर मात्र उरला तो शिष्यांच्या गळ्यांतूनच.

आपल्याहि घरांत असा एखादा आवाज असतो. आजीच्या ओव्या, काकूंचीं मंगळागौरीचीं गाणीं, आजोबांची भूपाळी हीं कोणत्याहि दुकानांत मिळत नाहींत. मुद्रणाचें साधन तर आतां नातवाच्या हातांतच आहे. वाचकांनीं आमची यादी खुशाल बदलावी. पण आपल्या यादींत ही एक ध्वनिमुद्रिका आधीं घालावी, आणि तें काम येत्या सणापर्यंत लांबवूं नये.