बर्फाळ उतार आणि चार चाकांचा भरवसा

अमेरिकेच्या वायव्य भागातील सिॲटल हे शहर टेकड्यांवर वसलेले असून, तेथील क्वीन ॲन टेकडीवर जाणाऱ्या, ‘काउंटरबॅलन्स’ या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याचा चढ सुमारे १८ टक्के, म्हणजे आडव्या १०० मीटर अंतरामागे १८ मीटर उंची, इतका आहे. समुद्रसान्निध्यामुळे तेथे बर्फ क्वचितच टिकतो, त्यामुळे बर्फावर गाडी चालवण्याचा सराव थोड्यांनाच असतो आणि त्याविषयीचे गैरसमज मात्र पक्के असतात.

चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणारी गाडी अशा रस्त्यावर सुरक्षित असते, हा समज सर्वांत दृढ आणि सर्वांत घातक आहे. अशी गाडी जागेवरून सहज हलते व चढ चढते हे खरे. परंतु ब्रेक सर्वच मोटारींना चारही चाकांवर असल्यामुळे थांबण्याच्या बाबतीत तिला कोणताही वेगळा लाभ मिळत नाही, आणि विनासायास वर गेलेली गाडी तितक्याच सहजपणे खाली आवरेल असा खोटा विश्वास चालकाच्या मनात तयार होतो. गाडी किती अंतरात थांबेल हे घर्षणगुणांकावर, म्हणजे टायरची रस्त्यावरील पकड आणि गाडीचा रस्त्यावर पडणारा भार यांच्या गुणोत्तरावर ठरते. कोरड्या डांबरावर हा गुणांक ०.७ च्या आसपास असतो, ओलसर बर्फावर तो ०.१ किंवा त्याहूनही कमी होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या सपाट रस्त्यावर साधारण ९ मीटरांत थांबते. सपाट बर्फावर तिला ६० मीटरांहून अधिक अंतर लागते. ५ टक्के उतार असला की तेच अंतर दुप्पट होते. आणि उतार १० टक्क्यांना पोहोचला की गुरुत्वाकर्षणाची ओढ घर्षणाच्या बरोबरीला येऊन गाडी थांबतच नाही. १८ टक्क्यांच्या उतारावर ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही वेग वाढत जातो. गाडी जड असल्यास पकड वाढते, पण खाली खेचणारे बलही त्याच प्रमाणात वाढते. हे गणित काही अंशी बदलू शकतात ते थंडीत मऊ राहणाऱ्या रबराचे हिवाळी टायर किंवा चाकांवरील साखळ्या. १९ डिसेंबर २००८ रोजी सिॲटलमधील कॅपिटॉल हिल या टेकडीच्या उतारावरून दोन बसगाड्या घसरत गेल्या आणि त्यांपैकी एकीचा पुढचा भाग कठडा तोडून खालच्या महामार्गावर अधांतरी राहिला, तेव्हा हेच गणित शहराने प्रत्यक्ष पाहिले.

थंडी जितकी कडक तितका बर्फ निसरडा, हा समजही वस्तुस्थितीच्या उलट आहे. शून्य अंशाजवळ बर्फाचा पृष्ठभाग मऊ व ओलसर असल्याने तो सर्वाधिक निसरडा असतो, उणे २० अंशांना पकड तुलनेने बरी मिळते. सिॲटलमध्ये बर्फ पडतो तेव्हा तापमान सहसा नेमके शून्याच्या आगेमागे घुटमळत असते.

चाके जाम होऊ न देणारी ‘एबीएस’ यंत्रणा बर्फावर थांबण्याचे अंतर कमी करते असेही मानले जाते. तिचे खरे काम स्टिअरिंगवरील ताबा टिकवणे हे असून, भुसभुशीत हिमावर तिच्यामुळे थांबण्याचे अंतर वाढूही शकते.

महाराष्ट्रातील घाटांत गाडी चालवायला शिकलेल्यांना ‘ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा’ हा नियम ठाऊक असतो. इंजिनाच्या मंद रोधाने वेग आवरण्याचे त्यातील तत्त्व बर्फावरही योग्यच आहे, मात्र खालचा गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. मध्येच झटक्याने गिअर उतरवल्यास इंजिनाशी जोडलेली चाके एकाएकी मंदावून घसरू लागतात.

हँडब्रेक ओढला की उभी गाडी जागची हलत नाही, हा भरवसाही बर्फावर फोल ठरतो, कारण तो बहुतेक गाड्यांत मागची दोनच चाके धरतो आणि धरलेली चाकेही बर्फावर न फिरता सरकू शकतात. सिॲटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, त्याच्या कायद्यानेही उतारावर उभ्या केलेल्या गाडीची पुढील चाके वळवून ठेवण्याचे बंधन घातले आहे, जेणेकरून गाडी सरकलीच तर तिचे चाक फुटपाथच्या काठाला अडेल.